पाणी पिऊन ये

माधव सरांनी माझ्या मुलीला फसवलं. वर्षभराहून जास्त फसवलं, रोज थोडं थोडं. आणि पकडले जायची वेळ आली तेव्हा भरल्या हॉलमध्ये तो सगळा प्रकार माझ्या नावावर टाकला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलंही लिहिणार आहे. ते वाचून कुणाला वाटायला नको की बाईचा राग निवळला. निवळलेला नाही.

ज्यांनी त्यांना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस बारीक, उंच, पन्नाशीच्या अलीकडचा. कायम इस्त्रीचा खादीचा कुर्ता, खिशाला लहान मुलांनी चिकटवलेला एखादा स्टिकर, तो कधी काढायचे नाहीत. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. आणि एकदा माणूस पुढे वाकला की तो त्यांचा झाला. लहान मुलांना ते कॉम्प्युटरवर गेम बनवायला शिकवत. म्हणजे काही लिहायचं नसतं. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, एकेका ठोकळ्यात एकेक हुकूम, ते एकाखाली एक जोडायचे. 'दहा पावलं चाल', 'कडेला लागलास तर उलट फीर', 'आवाज कर'. वरचा हिरवा झेंडा दाबला की पडद्यावरचं मांजर तुमच्या हुकमाने चालायला लागतं.

माझं गोरेगाव पूर्वेला जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरात पहिली कामाला लागले ती मी, दुसऱ्याच्या दुकानात मॉनिटर पुसायला. आज दुकान माझं आहे, आणि माझ्याशी भाव करायला येणारा माणूस घाम पुसत बाहेर पडतो. माझं तोंड तिखट आहे, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. माधव सरांनाही माहीत होतं. त्याचा उपयोग त्यांनी कसा केला ते पुढे येईल.

ते पहिल्यांदा दुकानात आले ते दिंडोशीच्या कामत मॅडमच्या क्लाससाठी मशीन घ्यायला. मशीनकडे त्यांनी बघितलंच नाही. माझी सई जमिनीवर बसून एका मेलेल्या कीबोर्डची बटणं उपटून इंग्रजीत स्वतःचं नाव मांडत होती. सर तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघा कट्टकन वाजला.

"ऐकलंस? सरांचं बिजागर आहे, तेल घालायचं राहिलंय," ते म्हणाले. सई खुदकन हसली. "काय अडलंय तुझं?"

"आय सापडत नाहीये. हरवलाय."

सरांनी ढिगातून एक बटण उचललं आणि तिच्या नावाच्या शेवटी ठेवलं. "हा घे."

"सर, हा एक आहे. आकडा."

"असू दे की. लांबून कोण बघतंय?"

मला ते फार गोड वाटलं होतं. मग त्यांनी माझ्याकडून मशीन घेतली, तीही न भांडता. "ताई, तुम्ही म्हणाल तो भाव. फक्त मुलांसाठी आहे एवढं मनात ठेवा." भांडून भाव पाडणारे मी रोज परतवते. हा माणूस गप्प उभा राहिला आणि मीच खाली आले. वर मशीनची देखभाल माझ्याकडे आणि सईला क्लासमध्ये जागा, असंही मी ठरवून बसले.

शिकवायचे मात्र झकास. हे नाकारलं तर मी खोटी ठरेन. पहिल्या दिवशी ते मुलांना कॉम्प्युटरजवळ जाऊच देत नसत. स्वतः वर्गाच्या मधोमध उभे राहत आणि म्हणत, "आज मीच कॉम्प्युटर. मी फार मठ्ठ आहे. सांगशील तेवढंच करणार, मनातलं मला कळत नाही." मुलं ओरडत, "चाला!" सर हलत नसत. "किती?" "दहा पावलं!" सर दहा पावलं चालत, सातव्या पावलाला दारावर आपटत आणि उरलेली तीन पावलं तिथेच आपटत राहत. मुलं पोट धरून हसायची. मग एखादा पोरगा ओरडायचा, "सर, दार लागलं तर वळा!" सर थांबून त्याला सलाम ठोकायचे. "बघ, तू 'जर-तर' शिकलास. तुझ्या बापाला शिकायला लग्न करावं लागलं."

बाहेर बाकावर बसलेल्या आम्ही बायका हसून घ्यायचो. कुणाची वेणी सुटली असेल तर सर घालून देत. कुणी डबा आणला नसेल तर त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी तिकडे जाई. मी त्यांना घावणे पाठवायचे; ते डबा धुऊन, त्यात चार पेढे घालून परत पाठवायचे. असा माणूस. कुणाच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना बघवत नसे. मी म्हणते, सगळी वाट तिथेच लागली.

पोरांचं अडलं की पोरं रडकुंडीला येतात. मासा पडायच्या ऐवजी वर जातो, मांजर भिंतीतून निघून जातं, स्कोर हलतच नाही. अशा वेळी सर त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "डोकं तापलंय तुझं. जा, पाणी पिऊन ये." पाण्याचं मशीन जिन्याजवळ होतं. मूल जायचं, पाणी पिऊन यायचं, हिरवा झेंडा दाबायचं, आणि गेम चालायला लागायचा. सर म्हणायचे, "बघ! तुझंच बरोबर होतं. एक ठोकळा जरा रुसला होता, तू गेलीस आणि त्याचा राग गेला."

सई घरी येऊन मला सांगायची, "आई, मला ना, पाणी प्यायलं की सुचतं." अभ्यासाला बसतानाही ती शेजारी तांब्या घेऊन बसायला लागली. तिचे बाबा फिल्मच्या स्टुडिओत लाइटचं काम करतात, त्यांना हे कौतुकाचं वाटायचं. ते मुद्दाम विचारायचे, "काय गं, आज किती तांबे अक्कल आली?"

मला मशीनच्या पोटातलं सगळं कळतं, पण ठोकळ्यांतलं तेव्हा काही कळत नव्हतं. वर्षातून दोनदा कामत मॅडम पालकांचा रविवार भरवत. मुलं आपापल्या गेमपाशी उभी राहत आणि आईबाप ते खेळत. अशाच एका रविवारी मी एका मशीनचा पंखा बदलायला लवकर गेले होते. वर्गात सर एकटेच. सईच्या मशीनवर बसून, गुणगुणत, ठोकळे इकडचे तिकडे करत होते.

"काय चाललंय सर?"

"काही नाही ताई. फोटोच्या आधी पोरीचे केस विंचरतोय."

मी हसले आणि पंखा बदलायला लागले. मला वाटलं, चित्र सरळ करत असतील, रंग भरत असतील. दुकानात गिऱ्हाईक यायच्या आधी मीही मशीन पुसून ठेवते. पण पुसलेलं मशीन दाखवून मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही की हे तूच बनवलंयस.

त्या दिवशी सईच्या गेमपाशी रांग लागली. कोळीण टोपली घेऊन इकडेतिकडे पळते, वरून पापलेटं पडतात, ती झेलायची आणि मध्येच एक मांजर येऊन मासा पळवतं. मांजर सईने स्वतः काढलं होतं, दोन चित्रं, एकात पाय पुढे, एकात मागे. ती पटापट बदलली की मांजर चालतंय असं वाटायचं. चौथा पाय तिला जमला नव्हता. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चौथा पाय गेल्या चोरीत कोळणीच्या मारात गेला." काय टाळ्या पडल्या! लोकांच्या मध्ये सई उभी होती, ताठ, राणीसारखी. कुणीतरी म्हणालं, "राणे बाई, पोरगी नाव काढणार." तिचे बाबा रडले. मी नाही रडले, पण दुकानात पुढचे कितीतरी दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो गेम दाखवत होते.

तोच गेम सरांनी घाटकोपरच्या स्पर्धेला पाठवला आणि तो निवडला गेला. पण स्पर्धेचा नियम असा, की गेम निवडला गेला तरी मुलाने तिथे, परीक्षकांसमोर बसून, एक छोटा नवा गेम बनवून दाखवायचा. शाळेचा हॉल होता. मुलं पुढे मशीनवर, पालक आणि शिक्षक मागे दोरीपलीकडे. काम सोपं: वरून चेंडू पडतो, खाली ताट असतं, ताटात पडला तर एक गुण.

सईने चेंडू आणला, ताट आणलं, ठोकळे जोडले. झेंडा दाबला. चेंडू ताटातून आरपार खाली गेला. पुन्हा दाबला. पुन्हा आरपार.

तिने हात वर केला. "मॅडम, पाणी पिऊन येऊ?"

तिथल्या बाईंनी हसून हो म्हटलं. सई गेली, पाणी प्यायली, खुशीत परत आली. झेंडा दाबला. चेंडू आरपार.

तिने पुन्हा हात वर केला. पुन्हा गेली. या वेळी दोन ग्लास प्यायली, मला दिसत होतं. तोंड पुसत आली आणि झेंडा दाबायच्या आधी डोळे मिटून घेतले. चेंडू आरपार गेला.

तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा शेजारचा मुलगा म्हणाला, "ए, उंट आहेस काय?" रांगभर हसणं पसरलं. बाई म्हणाल्या, "बाळा, आता बस की जागेवर." सई बसली. मग वळून तिने दोरीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. सरांकडे. त्या नजरेत मदत मागणं नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. आपलं डोकं आज का चालत नाही, एवढंच तिला कळत नव्हतं. सर मोबाइल बघत होते.

दोरी धरून उभी होते तिथेच मला सगळं समजलं. केस विंचरणं, जिन्याजवळचं पाणी, रुसलेला ठोकळा. एका क्षणात.

परीक्षकांनी मग तिचा कोळणीचा गेम उघडला. त्यातले एक म्हातारे गृहस्थ प्रेमानेच विचारत होते. "हा कुणी केला?"

"मी."

"छान. मग मासा टोपलीत पडला हे गेमला कुठे कळतं, तो ठोकळा मला दाखव बरं."

सई पडद्याकडे बघत राहिली. बोट वर नेलं, खाली आणलं. तिला तो ठोकळा ओळखूच येईना. कसा येणार? तिने तो कधी पाहिलाच नव्हता. तिने पाहिला होता जिना.

गृहस्थांनी सरांना बोलावलं. "सर, हे मुलीचं स्वतःचं काम आहे ना?"

माझी खात्री होती की आता हा माणूस खरं बोलेल. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी ज्याला बघवत नाही, तो आता म्हणेल, माझी चूक, मी जास्त मदत केली. एवढं पुरलं असतं. त्या दिवशी सर उकिडवे बसले नाहीत. उभ्या उभ्या, त्याच हळू आवाजात म्हणाले, "राणे ताईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. घरी काही मदत होत असेल. पालकांचा उत्साह असतो हो, आपण किती बोलणार?"

सई ऐकत होती.

मी दोरी ओलांडली. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. रागावले की माझ्या तोंडात गावची मालवणी येते. "मेल्या, माझ्या चेडवाच्या तोंडार खोटा बोलतंस?" एवढं मात्र आठवतं, कारण त्यानंतर हॉलमध्ये कुणी हलेना. एका बाजूला घामाघूम, हातवारे करणारी बाजारातली बाई. दुसऱ्या बाजूला खादीचा कुर्ता, खिशावर फुलपाखराचा स्टिकर, मान खाली. तुम्ही असता तर कुणावर विश्वास ठेवला असता? सर हळूच म्हणाले, "ताई, मुलीसमोर नको." सगळा हॉल त्यांच्या बाजूने गेला. माझ्या तोंडाचा हिशेब त्यांनी आधीच केला होता.

घरी आल्यावर बूट काढता काढता सईने विचारलं, "आई, माझा गेम तू बनवलास?"

"नाही गं. सर बनवत होते. तू पाणी प्यायला जायचीस तेव्हा."

"सर असं नाही करणार."

"मी डोळ्यांनी बघितलंय सई."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तेव्हा मला ठोकळे कळत नव्हते, हे नऊ वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मग मी शिकले. दुकान सांभाळून, मशीनवर बसून, चेंडू आणि ताटाचा गेम स्वतः बनवला. सईची चूक सापडली. अगदी साधी होती. चेंडू ताटाला लागला का, हे बघणारा ठोकळा 'सारखं करत राहा' या ठोकळ्याच्या पोटात ठेवायचा असतो. तिने तो बाहेर ठेवला होता. म्हणून मशीनने सुरुवातीला एकदाच बघितलं, चेंडू वर होता, मग पुन्हा बघितलंच नाही. मी सईला हाक मारली. म्हटलं, ये, बघ, एवढंच होतं, तुला आलं असतं. तिच्यासमोर तो ठोकळा उचलून आत ठेवला. चेंडू ताटात पडला. गुण मिळाला.

सईने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे येतं तुला," ती म्हणाली. "तूच करत होतीस."

त्यानंतर तिने मशीनला हात लावलेला नाही.

मी क्लासवर गेले. कामत मॅडम म्हणाल्या, "ताई, आवाज खाली, वर्ग चालू आहेत." मी आवाज खाली केला. आयुष्यात पहिल्यांदा. सरांना जिन्याजवळ गाठलं आणि सौदा मांडला, तोच माझा धंदा आहे. आधी म्हटलं, त्या हॉलमधल्या लोकांना खरं सांगा. ते नुसते हसले. म्हटलं, बरं, वर्गात सांगा. नाही. बरं, वर्गात नको, घरी या, एकट्या सईला सांगा, मी आत स्वयंपाकघरात बसते. नाही. फोनवर सांगा. नाही. इतकी खाली मी कुणासाठी उतरलेली नाही.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही खमक्या आहात, तुम्ही सहन कराल. माझ्यावरचा मुलांचा विश्वास उडाला तर ती शिकणार कुणाकडे?"

"आणि माझ्यावरचा माझ्या पोरीचा?"

"लहान आहे. विसरेल."

"तुम्ही तिला काय शिकवलंत, सर?"

यावर त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "आनंद दिला, ताई. शिकतात मग आपोआप." आणि त्यांना ते पटलेलं होतं. लबाड माणसाच्या डोळ्यांत मी लबाडी ओळखते, जन्म त्यात गेला. या माणसाच्या डोळ्यांत ती नव्हती. म्हणून तर मी त्यांना माफ करू शकत नाही. लबाडाला निदान माहीत असतं की त्याने काय घेतलं.

काही महिन्यांनी त्यांना मुलुंडला मोठ्या क्लासमध्ये बोलावणं आलं. दिंडोशीत त्यांचा निरोप समारंभ झाला. मुलं हमसून हमसून रडली म्हणे. सईने कार्ड बनवलं आणि हट्ट धरून गेली. मी बाहेर रस्त्यावर स्कूटर लावून उभी राहिले. ती आली ती डोळे सुजवून.

"काय म्हणाले सर?" मी विचारलं.

ती मागे बसली, माझ्या खांद्याला धरलं नाही, सीटच्या मागची दांडी धरली. "सर म्हणाले, आईवर रागावू नकोस हं. आईने प्रेमानेच केलं."

माधव सर, हे लिहिणं तुमच्यापर्यंत पोचेल, तुमच्या क्लासमधल्या मुलांचे पालक पोचवतील. मला तुमची माफी नको. हॉलमधल्या लोकांनी मला काय समजायचं ते समजू दे. मुलुंडला लोक तुमच्या पाया पडतात, पडू देत. मी कुणाकडे तक्रार केलेली नाही, करणारही नाही. माझी मुलगी मला खोटारडी समजते, आणि ते बदलू शकेल असा जगात एकच माणूस आहे. मी नाही, तिचे बाबा नाहीत. तुम्ही. या, तिच्यासमोर बसा आणि सांगा, "सई, तुझ्या आईने नाही केलं, मी केलं." तुम्हाला हे बोलायला काय जड जातंय, त्याचं उत्तर मला द्या. आणि मला द्यायचं नसेल तर तिला द्या. दार उघडं ठेवते.